बस मागे घ्यायची नाही

माझ्या नवऱ्याच्या, लेओंतिनच्या पायाला भिंगरी आहे, असं लोक कौतुकाने म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातं? भिंगरी त्याच्या पायाला आणि गरगर फिरले मी. विंचवाचं बिऱ्हाड निदान त्याच्या स्वतःच्या पाठीवर असतं. आमचं बिऱ्हाड माझ्या पाठीवर होतं.

तो फुटबॉल खेळत होता तोवर मी तक्रार केली नाही. मधल्या फळीच्या मागे, अगदी मधोमध खेळायचा. उंच, हाडापेराने दांडगा. त्याच्या अंगावरून चेंडू न्यायचा तर फॉरवर्ड लोक आधी छातीवर क्रूस काढायचे. मग खेळणं सुटलं, तो कोच झाला, आणि तिथून पुढचं विचारूच नका. आमच्या रोमानियात कोचची खुर्ची म्हणजे तापलेला तवा. तीन सामने हरलात की मालकाचा फोन. कधी कधी तर मध्यंतरातच फोन, अमक्याला बाहेर काढ म्हणून. पण लेओंतिनचं त्याहून वेगळं होतं. त्याला कुणी काढायच्या आतच तो निघायचा. दोन सामने हरला की घरात येरझाऱ्या सुरू. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. मी म्हणायची, "बस ना मेल्या, फरशी झिजेल." तर म्हणायचा, "साविना, ती तपकिरी सुटकेस कुठेय?" मग मी काय ते समजायची.

आमची मुलगी इलिंका आता इटलीत, तोरिनोत असते, नवऱ्याबरोबर. तिला कुणी विचारलं, तू कुठल्या शाळेत शिकलीस, तर ती म्हणते, कुठल्या नाही ते विचारा.

आणि कोबी! हिवाळ्याच्या तोंडावर मी कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात घालून पिंप भरायची, बडीशेपेच्या काड्या, मक्याचे दाणे, सगळं साग्रसंगीत. आंबायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळही माणूस एका गावात टिकू नये? कुठे कुठे सोडली मी ती पिंपं! दोब्रुजात सोडलं, मुरेशच्या काठी सोडलं, एक तर बुखारेस्टला चौथ्या मजल्याच्या गॅलरीत सोडलं. माझ्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून अर्ध्या देशातल्या घरमालकिणींनी सारमाले खाल्ले असतील. आम्ही मात्र नव्या गावात दुकानातला कोबी खायचा.

हे असं का, तर चेंडूच्या एका पासमुळे. खोटं सांगत नाही.

तेव्हा आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. युरोपातल्या मोठ्या स्पर्धेचा सामना, बुखारेस्टचं मैदान काठोकाठ भरलेलं, आणि बरोबरी टिकली असती तरी आम्ही पुढे जात होतो. शेवटची पाच मिनिटं. लेओंतिनकडे चेंडू आला, समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. त्याने मान वर न करता चेंडू गोलकीपरकडे मागे ढकलला. हलका ढकलला. मध्येच त्यांचा एक ठेंगणा खेळाडू कुठून उगवला देव जाणे, आणि गोल. त्यानंतर त्या सगळ्या मैदानाने शिट्ट्या मारल्या. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शिवी. मी खेळाडूंच्या बायकांच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारची, जिच्याबरोबर मी सकाळी कॉफी प्यायले होते, तीसुद्धा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. लेओंतिन मैदानाच्या मधोमध उभा होता आणि कानांवर हातही ठेवत नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच दुसरा क्लब मागून घेतला. ती पहिली सुटकेस.

त्या दिवसापासून 'मागे' हा शब्दच त्याने टाकला. त्याच्या संघात गोलकीपरकडे चेंडू मागे द्यायचा नाही; द्यायचाच तर मैदानाबाहेर मारा. सोडलेल्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. आणि बस मागे घ्यायची नाही. हे शेवटचं त्याचं एकट्याचं नाही, आमच्या फुटबॉलमध्ये सगळेच मानतात: संघाची बस सामन्याला निघाली की ती रिव्हर्समध्ये जाता कामा नये, गेली तर हरलात. बसमध्ये बाई चढता कामा नये, तेही तसंच. ड्रायव्हर लोक बस लावतानाच अशी लावतात की नाक रस्त्याकडे. पण बाकीचे कोच अडलंच तर एक डोळा मिटून घेतात. लेओंतिन? सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. एकदा एका हॉटेलाच्या अंगणात बस अडकली, तर मागे घेऊ देईना. शेवटी हॉटेलवाल्याचं कुंपण पाडून पुढे गेले.

म्हणून मी बसच्या मागून जायची, आमच्या जुन्या दाचिया गाडीत. घरी बसवत नाही आणि सामना बघवत नाही. मैदानाबाहेर गाडी लावायची, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचं आणि आतल्या आवाजावरून काय ते ओळखायचं. सगळा संसार मी बसची मागची काच बघत केला. तो बसायचा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मागच्या काचेत कधी कुणी दिसायचं नाही, फक्त चेंडूंची जाळी लोंबकळत असायची.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वाल्या-रेचेला आलो. जिऊ नदीच्या वरच्या अंगाचं खाणवाल्यांचं गाव. खाण बंद पडली, फुटबॉल तेवढा उरला. तिसऱ्या विभागातला क्लब, मालक ग्रोझाव म्हणून लाकडाच्या वखारीचा. इथे मी पहिल्यांदा हट्ट केला. भाड्याचं नाही, घरच घ्यायचं. आईच्या वाटणीचं जे आलं होतं त्यातून टेकडीच्या पायथ्याशी घर घेतलं. मागे आलुबुखारची झाडं, एक अक्रोड, अंगणात पंप. आणि पहिल्याच हिवाळ्यात मी मोठ्ठं पिंप भरलं. लेओंतिन म्हणाला, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "संपवायचं म्हणून." आणि संपवलं हो आम्ही! ईस्टरच्या आठवड्यात मी पिंपाच्या तळाशी हात घालून शेवटचा गड्डा काढला तेव्हा मला रडू आलं. तो म्हणाला, "कोबीसाठी रडतेस?" मी म्हटलं, "हो, कोबीसाठीच."

यंदा दुसरं पिंप संपलं आणि संघ तळाला गेला.

शेवटचा सामना खाली मैदानी मुलखात, साल्कियाला. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो, हरलो तर खालच्या विभागात. ग्रोझावने चौकात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मिस्टर, वाचवलंत तर तीन वर्षांचा करार. नाही वाचवलंत तर मला तोंड दाखवू नका." आमच्याकडे कोचला मिस्टर म्हणतात. लेओंतिनने नुसती मान हलवली. त्या आठवड्यात रोज पहाटे तो ओट्यावर फिरताना ऐकू यायचा. गुरुवारी फोनवर बोलत होता, हळू आवाजात. "बरं… बरं… बघू." मी खिडकीतून विचारलं, "कोण रे?" "कुणी नाही." कुणी नाही म्हणे! प्रुत नदीकाठच्या, देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या क्लबचा माणूस होता, हे मला त्याच्या पाठीवरूनच कळलं. नवा क्लब आला की त्याची पाठ ताठ होते.

मी त्याच संध्याकाळी त्याला सांगितलं. जेवण वाढता वाढताच सांगितलं, "लेओंतिन, हरलास तरी मला चालेल. चौथ्या विभागात जा, गावातल्या पोरांना शिकव, आलुबुखारची दारू काढ. पण मी आता हलणार नाही. हे पिंप मी सोडणार नाही." तो म्हणाला, "आधी सामना तर होऊ दे." हे काही उत्तर झालं?

शनिवारी दुपारी फादरनी बसवर तुळशीच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडलं, बस निघाली, मागून मी. सामना पाच वाजता. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच ठोक्याला सुरू होतात, कुणासाठी थांबत नाहीत. पाव तासाच्या वर उशीर झाला की न खेळताच तीन-शून्यने हार.

जिऊच्या खिंडीत रस्ता एवढासा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. मठ मागे पडला, त्यापुढची दोन वळणं घेतली आणि बसचे मागचे दिवे लाल झाले.

दरड कोसळली होती. फार मोठी नाही. माणूस चढून जाईल एवढी, पण गाडी जाणं शक्य नाही. पुढच्या लहान गाड्या एकेक करून वळल्या, मला चुकवून मागे निघून गेल्या. राहिली बस. बस काही तिथे वळणार नव्हती. तिच्या मागे मी.

पंधरा मिनिटं झाली, बस हलेना. मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. फिरू, आमचा ड्रायव्हर, दारात उभा राहून टोपी काढत होता, घालत होता.

"काय रे फिरू, घोडं कुठे अडलं?"

"वहिनी, कुठे म्हणजे, समोर दिसतंय ना!"

"मग मागे घे की! मठापाशी रेल्वेचा थांबा आहे. खाली जाणारी गाडी आहे आता. पोरांना तिच्यात घाल, चारच्या आत पोचतील."

फिरूने आवाज खाली आणला. "तेच म्हणतोय मी. पण मिस्टर नाही म्हणतात."

"नाही म्हणजे?"

"बस मागे घ्यायची नाही."

माझं डोकंच फिरलं. मी गाडीतून उतरले, तरातरा गेले आणि सरळ बसमध्ये चढले.

पहिल्या बाकावर यूलिका होता, आमचा फॉरवर्ड. यंदाचे निम्मे गोल त्याचे. त्याने झटकन क्रूस काढला. "मेलो! आता बाईपण चढली!"

"का रे? तुला जन्माला घातलं ते काय बाप्याने?" मी म्हटलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. "लेओंतिन, ऊठ. बस मागे घ्यायला सांग."

तो समोरच्या काचेतून दगडांकडे बघत होता. "साविना, खाली उतर."

"गाडी चुकेल."

"संघ मागे जाणार नाही."

"अरे, मग बस राहू दे इथे. पोरं चालत जातील मठापर्यंत. दोन वळणं तर आहेत!"

"चालतही नाही. पाठ फिरवायची नाही. एकदा पाठ फिरवली की संपलं." मग तो उभा राहिला, पोरांकडे वळला आणि त्याच्या त्या मैदानावरच्या आवाजात म्हणाला, "बॅगा काढा. दगडांवरून पलीकडे जायचं. पलीकडे गाड्या अडकल्या असतील, त्या वळून खालीच जाणार आहेत. त्यांच्यात बसायचं."

"मिस्टर, दगड सुटे आहेत," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून पाय उचलून टाका."

पालथ्या घड्यावर पाणी. मी खाली उतरले. पोरं उतरली, फिरूने बसची डिकी उघडली, आणि एकेक बॅग बाहेर येऊ लागली. बूट, चेंडू, पाण्याच्या बाटल्या. आणि सगळ्यांत आत, कोपऱ्यात, पट्टा बांधलेली तपकिरी सुटकेस.

फिरूने ती बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं, आणि खाली ठेवावी की पुन्हा आत ढकलावी हे त्याला कळेना.

"ठेव खाली," मी म्हटलं.

लेओंतिन आला. आम्ही तिघंही त्या सुटकेसकडे बघत उभे. फिरू टायर तपासायला निघून गेला, शहाणा माणूस.

"हे काय आहे?"

"कपडे आहेत."

"एका सामन्याला एवढे?"

"असावेत म्हणून."

"कशासाठी असावेत? तोंडाने बोल ना!"

त्याने नदीकडे बघितलं. "हरलो तर साल्कियाहूनच गाडी आहे. रात्रीत पोचतो तिकडे. मग तुला बोलावून घेतलं असतं."

"आणि जिंकलास तर?"

तो सुटकेसचा पट्टा आवळत राहिला. मी पुन्हा विचारलं. "लेओंतिन, जिंकलास तर?"

"जिंकलो तरी काय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी हरेनच ना कधीतरी. मग शिट्ट्या मारतील. या गावात मला शिट्ट्या नकोत, साविना. इथे पाववाला मला नावाने हाक मारतो."

एवढी वर्षं मला वाटत होतं, याला कुठे राहायला आवडत नाही म्हणून हा पळतो. त्या क्षणी कळलं की आवडायला लागलं की पळतो. राग आला, कीव आली, त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं आणि त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही.

"जा," मी म्हटलं. "सुटकेस घेऊन जा. पण नीट ऐक. मी इथेच थांबते, या बसच्या मागे. संध्याकाळी तू त्या दगडांवरून अलीकडे आलास तर मी आहे. नाही आलास तर मला बोलावू नकोस. फोन करू नकोस, इलिंकाकरवी निरोप धाडू नकोस. मी येणार नाही."

त्याने सुटकेस उचलली. खांद्यावर घेतली आणि दगडांवर चढला, पोरांच्या पुढे.

ते चढणं काय सांगू! बावीस-तेवीसची पोरं, पाठीवर बॅगा, पायात साधे बूट, हात खरचटतायत, दगड गडगडतायत. मी देवाच्या आईचं नाव घेत खाली उभी. वर पोचल्यावर यूलिका ओरडला, "मिस्टर, पलीकडे लग्नाची वरात अडकलीय!" खरंच, पलीकडून अकॉर्डियनचा आवाज येत होता. वरातीच्या गाड्या, फुलांनी नि फितींनी मढवलेल्या. पोरं हसायला लागली. आणि हसता हसताच यूलिकाचा पाय दोन दगडांच्या मध्ये गेला. आधी ओरडला, मग शिवी दिली, मग म्हणाला, "काही नाही, काही नाही," आणि लंगडत पलीकडे उतरला. थोड्या वेळाने गाड्यांचे हॉर्न वाजले आणि सगळं शांत झालं.

मी आणि फिरू राहिलो.

"तू तरी बस मागे घेऊन मठापाशी थांब," मी म्हटलं.

"मिस्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, वहिनी."

"तुम्ही सगळे एका माळेचे मणी."

तो पायरीवर बसला, मी माझ्या गाडीच्या बॉनेटला टेकले. बिया फोडल्या. पाच वाजले असतील, सहा वाजले असतील. मी उठायची, दगडांपर्यंत जायची, परत यायची. बसचं मागचं चाक ते दगड, दगड ते चाक. फिरू म्हणाला, "वहिनी, बसा ना, रस्ता झिजेल." मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. येरझाऱ्या घालणाऱ्याच्या पोटात काय चाललेलं असतं ते मला त्या दिवशी समजलं.

ऊन कड्यावरून वर सरकलं तेव्हा पलीकडे गाडीचं दार वाजलं. पोरं एकेक करून दगडांवर दिसायला लागली. खाली माना. विचारायची गरजच नव्हती. यूलिका एका जोडीदाराच्या पाठीवर होता, पायाला जाडजूड पट्टी.

"किती?" फिरूने विचारलं.

"एक-शून्य. शेवटी शेवटी," गोलकीपर म्हणाला. "यूलिका दहा मिनिटंही खेळू शकला नाही. बाकीच्यांच्या पायांत त्राण नव्हतं. वरातीच्या गाडीतून उतरलो तर त्यांचे लोक विचारतात, नवरी कोणती?"

"ग्रोझाव?"

"मैदानातच ओरडला मिस्टरांवर. सगळ्यांसमोर."

"आणि मिस्टर कुठेत?" हे मी विचारलं.

गोलकीपरने यूलिकाकडे बघितलं, यूलिकाने फिरूकडे. "स्टेशनवर उतरले, मॅडम. आम्हाला म्हणाले, तुम्ही पुढे व्हा. सुटकेस होती त्यांच्याजवळ."

बरं. माझं मलाच आश्चर्य वाटलं, मी रडले नाही. मी गाडीत बसले, बियांचा कागद गुंडाळला, किल्ली लावली. मनात म्हटलं, साविना, घरी जा, अंगणातली बादली बाहेरच राहिलीय. पण किल्ली फिरवेना. पोरं बसमध्ये बसली होती, फिरू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्यालाही काही करता येईना. हुकूम देणारा गेलेला आणि हुकूम तसाच राहिलेला.

आणि मग वर दगड घसरल्याचा आवाज आला.

आधी सुटकेस दिसली. तिच्याखाली लेओंतिन. एका गुडघ्यावर जोर देत, दुसरा पाय ओढत, बसत उठत येत होता. खेळायच्या दिवसांत दोनदा ऑपरेशन झालेला गुडघा तो. मी गाडीतून उतरले पण मदतीला गेले नाही. येऊ दे म्हटलं स्वतःहून.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. कोटाला कुठे तरी वरातीची पांढरी फीत चिकटली होती.

"गाडी चुकली का?" मी विचारलं.

"नाही. आली होती. थांबलीही." त्याने सुटकेस खाली ठेवली. "मी बाकावरून उठलोच नाही. गुडघा सरळ होईना."

"गुडघा?"

"गुडघाच म्हण ना आता."

"बरं, गुडघा," मी म्हटलं.

"परत यायला वाहन नव्हतं. तो वरातीतला अकॉर्डियनवाला घेऊन आला. वाटेत मला विचारतो, मिस्टर, तुम्ही दगडांवरून का गेलात, रेल्वेने का नाही आलात? त्याला काय सांगू?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "पोराचा पाय मी मोडला, साविना. सामना मी घालवला. साल्कियात नाही, इथे."

मी त्याच्या कोटावरची फीत काढून टाकली.

तो बसमध्ये चढला. मी दाराशी उभी राहिले, पायरीच्या खाली.

"यूलिका," तो म्हणाला, "चूक माझी आहे. सगळ्यांचंच मी वाटोळं केलं. उद्या रविवार. प्रार्थनेनंतर चौकात लोक जमतील. मी तिथे असेन. ज्याला शिट्टी मारायची असेल त्याने यावं."

मग यूलिका म्हणाला, "मला शिट्टी वाजवता येत नाही, मिस्टर. दात पडलाय."

लेओंतिन हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. तो फिरूकडे वळला.

"फिरू, मागे घे."

"काय घेऊ?"

"बस."

"मागे?"

"बहिरा झालास का? मागे!"

फिरूने टोपी काढली, क्रूस काढला, टोपी घातली. गिअरच्या दांड्याला हात लावला आणि पुन्हा काढला. "मिस्टर, सवय नाही हो मला. वळणं आहेत, खाली नदी आहे. मागे कुणीतरी बसून सांगायला पाहिजे."

लेओंतिन बाकांच्या मधून चालत गेला, पोरांच्या पायांवरून, बॅगांवरून, अगदी शेवटपर्यंत. चेंडूंची जाळी बाजूला केली आणि मागच्या काचेशी गुडघे टेकून बसला.

पण बस मागे यायची तर आधी मला मागे जायला हवं होतं. मी दाचिया सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि मान वळवली. मागे वळण, कडा, नदी. समोर, बसच्या मागच्या काचेत, त्याचा चेहरा होता. ज्या काचेत मी सगळा संसार कुणीतरी दिसेल म्हणून बघत आले, तिच्यात तो होता, माझ्याकडे तोंड करून, हात हलवून मोठमोठ्याने सांगत होता, "ये, ये, अजून ये, सावकाश." फिरूला सांगत होता की मला, कोण जाणे.

आणि मला बघताच येत नव्हतं. मी मान वळवून मागचा रस्ता बघत होते. एकदाच, मठाच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर, मी अर्ध्या क्षणासाठी पुढे बघितलं, तर तो काचेवर थापा मारत ओरडला, "माझ्याकडे काय बघतेस बये! मागे बघ!"

मी मागे बघितलं.